गाडीतली बैठक

बैठक बोलावली की गाडी कुठे लावायची हे काकांना कुणी सांगावं लागत नसे. घर आणि लॉन्ड्री यांच्या बरोबर मध्यावर एक बंद पडलेला पेट्रोल पंप होता. त्याच्या छपराखाली त्यांनी गाडी उभी केली, मागच्या भागातली हॉटेलच्या मळक्या चादरींची गाठोडी सारखी करून थोरल्या पुतण्याची आणि मधल्या पुतणीची (धाकटी शिकायला परगावी होती) बसायची सोय लावली आणि टॉवेलांचं गाठोडं स्वतःच्या बुडाखाली ओढलं. इतकी वर्षं दारोदार कपडे पोचवणाऱ्या माणसाला कशावर बसलं की कंबर धरत नाही, एवढं तरी कळणारच.

नियम आजोबांचा होता. लॉन्ड्री नवी असताना एकदा आजीने जेवताना एका जळालेल्या शर्टाचा विषय काढला आणि दुसऱ्या दिवशी आजोबांनी भर काउंटरवर, गिऱ्हाइकांसमोर, आदल्या दिवशीच्या खारट आमटीचा. त्यातून आठवडाभर घरातही अबोला आणि लॉन्ड्रीतही. शेवटी आजोबांनी फर्मान काढलं: घरात धंद्याचा शब्द काढायचा नाही, धंद्यात घराचा काढायचा नाही, आणि जो काढेल त्याने गाडी धुवायची. गाडी मात्र ना घरातली ना धंद्यातली, तेव्हा दोन्हीकडचं जे काही एकात एक गुंतलेलं असेल ते गाडीत बसून बोलावं. आजोबा जाऊनही बरीच वर्षं झाली, हाताने धुणं जाऊन यंत्रं आली, पण नियमाचा टाका कुणी उसवला नाही. आणि काकांच्या जिभेला हाड नसल्यामुळे गावात कुणाची नसेल इतकी ती गाडी स्वच्छ असे.

आणखी एक भानगड होती. लॉन्ड्रीत बाबांना सगळे मालक म्हणत, पोटची पोरंसुद्धा. घरी ते बाबा. गाडीत काय म्हणायचं हे आजोबा सांगून गेले नव्हते. त्यामुळे ज्याचं काम अडलेलं असे तो बाबा म्हणे आणि ज्याला भांडायचं असे तो मालक.

"बाबा," मधली म्हणाली, "पहिल्या तारखेपासून शिबिर आहे. तीन आठवडे. मला जायचंय."

हे सगळ्यांना आठवडाभर ठाऊक होतं. मेजरांचा फोन घरच्या टेबलावर, सगळे जेवत असताना आला होता आणि तेव्हापासून त्या टेबलावर हवामानाशिवाय दुसरा विषय निघाला नव्हता. ढग, ऊन, वारा सगळं बोलून संपलं तेव्हा बाबांनी बैठक लावली.

मधली राखीव सैन्यात होती. वर्षातून एकदा शिबिर, अधूनमधून शनिवार-रविवारचा सराव आणि एरवी लॉन्ड्रीच्या तळघरात बॉयलर. तिकडे ती नदीवर तात्पुरते पूल टाकणाऱ्या तुकडीत लेफ्टनंट होती. तिने हात वर केला की तीस माणसं जागच्या जागी थांबत. इकडे तिने हात वर केला तर थोरला विचारी, पंखा लावू का? गेल्या वर्षी बाबांच्या पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं आणि त्याच्या आदल्या वर्षी हॉस्पिटलचं नवं काम मिळालं. दोन्ही वेळा तिने शिबिर बुडवलं होतं. या खेपेला मेजरांनी सरळ सांगितलं होतं की आलीस तर कॅप्टन होशील आणि पूल तुझ्या हुकमाने टाकला जाईल, नाही आलीस तर मला तुझं नाव कमी करावं लागेल, आणि मला ते आवडणार नाही.

काका पहिल्यापासून पुतणीच्या बाजूने होते. त्याला कारणही होतं. प्रत्येक दारात कपडे देताना ते 'आमची पुतणी लष्करात अधिकारी आहे' असं एकदा तरी सांगत, आणि ते ऐकल्यावर इस्त्रीबद्दल कुरकुर करणारं गिऱ्हाईक जरा जपून कुरकुर करी. शिवाय आज त्यांनी तयारी करून आणली होती.

"दादा, मालकाला कायद्याने नाही म्हणता येत नाही," ते म्हणाले. "मी विचारून आलोय."

बाबा ड्रायव्हरच्या सीटवर बसत आणि मान वळवण्याचे कष्ट न घेता समोरच्या आरशातून बैठक चालवत. त्यांनी आरसा जरासा फिरवला. काका त्यात नाकापासून वर दिसू लागले.

"कुणाला विचारलंस?"

"वकीलसाहेबांना. त्यांचे काळे कोट आपल्याकडे येतात की."

"म्हणजे घरातलं गिऱ्हाइकाला सांगितलंस."

काकांनी थोडा विचार केला आणि संध्याकाळी बादली कुठे सापडेल ते आठवू लागले.

"कायदा मलाही माहीत आहे," मधली म्हणाली. "कायद्याने मला कुठल्याही मालकाकडून रजा मिळाली असती. मी कायद्याचं काही बोलणारच नाहीये, बाबा. मला तुम्ही जा म्हणायला हवंय."

आता थोरल्याला बोलणं भाग होतं. घरात तो सर्वांत समजूतदार गणला जाई, याचा अर्थ असा की त्याला सर्वांची भीती वाटे. आणि त्यात हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंची सर्वांत जास्त. गिऱ्हाइकं सांभाळणं त्याचं काम. त्याने बहिणीकडे न बघता शांतपणे मांडलं की कायद्याप्रमाणे बॉयलर चालू असताना परवानाधारक माणूस जवळ हवा. म्हातारे बॉयलरमामा निवृत्त होऊन लेकीकडे राहायला गेले. उरली मधली. ती गेली की वाफ बंद, वाफ बंद म्हणजे हॉस्पिटलच्या चादरी बंद, आणि चादरी बंद झाल्या तर मेट्रनबाई आपल्याला फोनवरच उकळून काढतील. तीन आठवड्यांनी परत आल्यावर धुवायला काही शिल्लक राहणार नाही.

"मी कुणाच्या विरुद्ध नाही," तो शेवटी म्हणाला. हे तो नेहमीच शेवटी म्हणत असे.

"अरे, मग तीन आठवड्यांपुरता माणूस ठेवा," काका म्हणाले.

"तेच तर. मी तीन माणसं शोधली. तिघांकडे परवाने होते. मालकांकडे पाठवली, तिघंही परत गेली. नशीब आपलं."

आरशात बाबांचे डोळे एकदम बाहेर, बंद पंपाकडे गेले. बाबांना जेव्हा काही लपवायचं असे तेव्हा ते लांबवर बघत. हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं, बाबा सोडून.

आई बाबांच्या शेजारच्या सीटवर मांडीवर पर्स घेऊन बसली होती. ती गाडीत सहसा बोलत नसे. आता तिने पर्सचा चाप उघडला आणि पुन्हा लावला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बाबांना तो चाप ऐकू आला की घाम फुटत असे.

"अहो, परत का गेली ती माणसं?" तिने विचारलं.

बाबांनी सांगितलं की पहिला काम बघताना शीळ घालत होता. दुसऱ्याचे हात मऊ होते, बॉयलरवर काम करणाऱ्याचे हात मऊ असणं बरं नव्हे. आणि तिसऱ्याने आल्याआल्या विचारलं की तळघराला खिडकी आहे का. ज्याला पहिल्या दिवशी खिडकी हवी तो दुसऱ्या दिवशी काय मागेल?

थोरला गाठोड्यावरून उठला. गाडीच्या छपराला डोकं लागलं म्हणून परत बसला. त्या तिघांसाठी त्याने चार गावांत फोन फिरवले होते. त्यातल्या शीळवाल्याला तर तो स्वतःच्या दुचाकीवर बसवून घेऊन आला होता, आणि तो माणूस वाटभर इतकं छान बोलत होता की थोरल्याला मनात वाटलं होतं, हा कायमचा राहिला तर किती बरं. समजूतदार माणसाला राग यायला वेळ लागतो, पण आला की तो कुठे ठेवावा हे त्याला कळत नाही.

"मालक," तो म्हणाला, आणि आईनेसुद्धा मान वळवून मागे बघितलं, कारण थोरल्याने गाडीत हा शब्द आजवर कधीच वापरला नव्हता. "तुम्ही माणूस मुद्दाम नाकारलात."

"मी नाही."

"शीळ घातली म्हणून?"

"वाईट घालत होता."

आता काका डळमळले. त्यांना वाटू लागलं की सगळेच एकीकडे झाले तर दादा एकटा पडेल, आणि एकटा पडलेला दादा त्यांना लहानपणापासून बघवत नसे. त्यांनी मधलीला हळूच समजवायला घेतलं की जाऊ दे ना, एक वर्ष आणखी थांब, पूल काही पळून जात नाही. मधलीने त्यांच्याकडे असं पाहिलं की टॉवेलांचं गाठोडं त्यांना अचानक टणक लागू लागलं. अशा रीतीने पाच मिनिटांत काका तिकडून इकडे आणि थोरला इकडून तिकडे झाला होता, आणि बेरीज होती तिथेच राहिली.

बाबांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले होते. त्यांना खरं कारण माहीत होतं आणि ते सांगण्याजोगं नव्हतं. रोज सकाळी ते काउंटरवर येऊन उभे राहिले की थोड्या वेळाने तळघरातून पाइपावर पान्याचे दोन ठोके येत. टण, टण. वाफ तयार आहे, यंत्रं सुरू करा, एवढाच त्याचा अर्थ. बॉयलरमामांच्या काळापासूनची ती पद्धत होती, पण मामांचे ठोके ऐकून त्यांना कधी काही वाटलं नव्हतं. मधलीचे ठोके आले की मात्र त्यांचा दिवस सुरू होई. तीन वर्षांपूर्वी ती शिबिराला गेली तेव्हा ते रोज सकाळी काउंटरवर उभे राहून कान देत, मामा ठोके देत, आणि तरीही ते कान देतच राहत. त्यात नदी, त्यात पूल, त्यात ती सगळ्यांच्या पुढे पाण्यात उतरणार. हे घरी सांगावं तर त्यात बॉयलर येतो. धंद्यात सांगावं तर त्यात मुलगी येते. आणि गाडीत सांगावं तर धाकटा भाऊ ऐकतो, आणि त्याने ऐकलं की वकीलसाहेब ऐकतात.

"परवानाधारक माणूस मिळत नाही," ते म्हणाले. "तेव्हा विषय संपला."

चाप पुन्हा वाजला.

"मी आहे," आई म्हणाली.

कुणाला काही कळलं नाही. आईने पर्समधून रुमालात गुंडाळलेला परवाना काढला आणि तो डॅशबोर्डवर, बाबांच्या समोर ठेवला. त्यावर तिचा फोटो होता. फोटोत तिचे गाल लालबुंद होते.

आईने सावकाश सांगितलं. वर्षभर ती पहाटे गुडघ्यासाठी फिरायला जात होती, ती कुठे जात होती? तळघरात. मधली बॉयलर पेटवी तेव्हा ती शेजारी उभी राही. आधी नुसतं बघितलं, मग मामांनी जाण्यापूर्वी शिकवलं, मग लेकीने घोटून घेतलं, मग तिने परीक्षा दिली. पहिल्यांदा नापास झाली, तेव्हा दोन दिवस तिचं डोकं दुखत होतं, आठवतं का? दुसऱ्यांदा पास झाली.

बाबांना आठवलं. त्यांना इतरही बरंच आठवलं. बायकोचे गाल लाल का दिसतात असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्यांनी स्वतः अभिमानाने सांगितलं होतं की ती रोज फिरते, मीच लावलंय. तळघराच्या उबेने गुडघा बरा झाला होता आणि श्रेय वर्षभर ते घेत होते.

"मला कुणी सांगितलं नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज जरा बारीक झाला होता.

"कुठे सांगू?" आई म्हणाली. "घरी सांगितलं तर धंदा काढला. लॉन्ड्रीत सांगितलं तर घर काढलं. आणि गाडीत बसायला तुम्ही वर्षभर बोलावलं नाहीत. मी वाट बघत होते."

काकांच्या मनात आलं की यावर आजोबांनाही काही सुचलं नसतं. मधली मान खाली घालून बसली होती. तिला हे सगळं ठाऊक होतं आणि ती बोलली नव्हती, कारण आईची शपथ होती, आणि दुसरं म्हणजे तिला वाटत होतं की आईचा परवाना बाहेर यायच्या आधीच बाबा जा म्हणतील. सोय झाली म्हणून मिळालेली परवानगी तिला नको होती.

आई आता जरा सावरून बसली आणि नवऱ्याकडे वळली.

"मालक," ती म्हणाली, "मला कामावर घेताय की नाही?"

सगळ्या संसारात तिने त्यांना कधी मालक म्हटलं नव्हतं. थोरल्याने तोंडावर उशीचा अभ्रा धरला. काकांनी टॉवेल धरला.

"तुझा गुडघा?"

"बरा आहे. तुम्हीच तर लावलंय फिरायला. आणि हो, तळघराला खिडकी पाडायची आहे. मीही विचारणार होते."

बाबांनी परवाना उचलला, उलटून बघितला, सुलट बघितला, बायकोच्या हातात परत दिला आणि गाडी सुरू केली. गाडी सुरू झाली की बैठक संपे.

"जा," ते आरशात न बघता म्हणाले. "सगळं तुम्ही ठरवलंच आहे, तर जा."

मधलीला रजा मिळाली. तिला हवा होता तो 'जा' हा नव्हता, हे तिला तिथल्या तिथे कळलं, पण आता काही बोलायला जागा उरली नव्हती.

त्या संध्याकाळी काकांनी गाडी धुतली. त्यानंतर मात्र नवल घडलं. बाबांनी सगळ्यांना ताकीद दिली होती की तळघरात कोण असणार हे मेट्रनबाईंच्या कानावर जाता कामा नये, त्यांना बदल आवडत नाहीत. काकांना स्वतःची जीभ ओळखीची होती. एक गोष्ट दाबायची तर दुसरीही बोलायला नको, म्हणून त्यांनी बोलणंच सोडलं. दारात कपडे द्यायचे, मान हलवायची आणि निघायचं. गिऱ्हाइकं त्यांच्या तब्येतीची चौकशी करू लागली. दिवसही वाऱ्याचे होते. कुणीच चुकेना म्हणून कुणीच धुवेना, आणि पहिल्या तारखेपर्यंत त्या गाडीवर बोटभर धूळ चढली.

पहिल्या तारखेला मधली गणवेश घालून, पाठीवर पिशवी लावून लॉन्ड्रीत आली. वेळ होता म्हणून ती आधी तळघरात गेली, आईकडे सगळं सोपवलं, आईने तिला दोनदा तेच तेच विचारून भंडावलं आणि मग हाकलून दिलं. ती वर आली तेव्हा बाबा काउंटरमागे उभे होते. इस्त्रीच्या टेबलांवर सगळे आपापल्या जागी होते. थोरला फोनवर मेट्रनबाईंना हो म्हणत होता.

खालून पान्याचे ठोके आले. दोन नाहीत, चार. चौथा इतका जोरात की वरच्या रॅकमधले हँगर हलले.

"जास्त मारतेय," मधली म्हणाली. "मी सांगितलं होतं."

हे बोलणं धंद्याचं होतं, चालणारं होतं, आणि यावर बाबांनी काहीतरी धंद्याचं उत्तर दिलं असतं तर ती निघून गेली असती. त्यांनी काउंटरवरचा गणवेशातला मुलीचा हात बघितला. लहानपणी याच काउंटरवर चढून ती बसायची ते त्यांना आठवलं नाही. त्यांना एवढंच दिसलं की उद्या सकाळी इथे तो नसेल.

"ती माणसं चांगली होती," ते म्हणाले. "शीळही वाईट नव्हता घालत."

"माहीत आहे, बाबा."

तिच्या तोंडून चुकून बाबा निघालं, लॉन्ड्रीत. इस्त्री करणाऱ्या बाईने वर बघितलं.

"तू गेलीस की मला करमत नाही," बाबा म्हणाले, आणि एकदा सुरू झाल्यावर त्यांना थांबता येईना. "सकाळी ठोके येतात, पण तुझे नसतात. नदीचं ऐकलं की तू पाण्यात उतरताना दिसतेस. मला भीती वाटते. म्हणून नको म्हणत होतो. दुसरं काही कारण नव्हतं. जा तू. चांगला पूल बांध."

सगळ्या इस्त्र्या थांबल्या. थोरल्याने मेट्रनबाईंना थांबा म्हटलं, आणि त्या थांबल्या. दारात पोचवायचे कपडे घेऊन काका उभे होते. इतक्या दिवसांचं बंद तोंड त्यांनी उघडलं.

"दादा," ते प्रेमाने म्हणाले, "धंद्यात घर काढलंस."

"काढलं," बाबा म्हणाले. "बादली कुठेय?"

"मीही काढलं," मधली म्हणाली. "आणि आणखी काढते. तिकडे रोज सकाळी उठल्यावर माझा हात पाना शोधतो. मलाही तुमच्याशिवाय करमत नाही."

काकांनी दोन बादल्या आणल्या. इतकी वर्षं जपून ठेवलेलं स्वतःचं खास फडकं त्यांनी भावाला दिलं आणि कुठून सुरुवात करायची ते समजावून सांगितलं.

बाबांनी एक बाजू घेतली. मधलीने बाह्या दुमडून दुसरी घ्यायला फडकं उचललं, एवढ्यात बाबा गाडीला वळसा घालून तिच्याकडे आले. त्यांच्या कोपरांवरून पाणी ओघळत होतं.

"तो पूल," त्यांनी विचारलं, "पाण्यावर राहतो कसा?"

राखीव सैन्यात जायला लागल्यापासून हा प्रश्न तिला घरात कुणी विचारला नव्हता. विचारणार तरी कुठे? तिने फडकं खाली ठेवलं आणि बोटाने गाडीच्या धुळीवर काढून दाखवायला सुरुवात केली. हा काठ, हा पलीकडचा काठ. ह्या तराफ्यासारख्या होड्या, एकीला दुसरी अशी जोडत न्यायची. त्यावर ह्या फळ्या. आणि मी इथे उभी असते, बाबा. पाण्यात नाही. इथे, काठावर. मी हात वर केला की सगळे थांबतात.

बाबांनी तिने बोटाने काढलेली ती छोटीशी आकृती वाकून बघितली. मग त्यांनी विचारलं की ही होडी आणि ती होडी यांच्यात अंतर किती, आणि वारा असला तर काय, आणि तिने तेही काढून दाखवलं. होता होता पूल मागच्या चाकापासून पुढच्या दारापर्यंत गेला. बस निघायची वेळ झाली असं थोरला दारातून दोनदा सांगून गेला.

"बस राहू दे," बाबा म्हणाले. "मी सोडतो." ते गाडीत बसले आणि ती शेजारी बसली. वाटेत दोघं काय बोलले ते कुणाला माहीत नाही, कारण काका मागे राहिले होते.

बाबा तिला सोडून परत आले तेव्हा काका बादली घेऊन पुढे झाले. अर्धी गाडी चकचकीत आणि अर्धी मळकी, लॉन्ड्रीच्या नावाला शोभत नाही, असं ते म्हणाले.

"त्या बाजूला हात लावायचा नाही," बाबा म्हणाले. "तीन आठवडे."

आणि तीन आठवडे कुणी लावला नाही. हॉस्पिटलच्या दारात पांढऱ्याशुभ्र चादरी घेऊन ती गाडी रोज उभी राही. मेट्रनबाई नाक मुरडून धुळीकडे बघत, तेव्हा बाबा स्वतः गाडीतून खाली उतरत आणि त्यांना सांगत की ही होडी, ही फळी, आणि ती तिथे, काठावर, उभी आहे ना, ती आमची मुलगी.